वर्षाभूचे मौन

(सोलापूर येथे पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या एका व्याख्यानाचा संपादित अंश)



सोलापूरकराला पावसाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. अशा मुलखात मृगाची पहिली मोठी सर कोसळली की त्याच रात्री ओढ्याकाठच्या डबक्यांतून एक घोष उठतो. तो ऐकला की वडीलधारी माणसे पेरणीच्या तयारीला लागत. आज तीच माणसे सांगतात की, घोष पूर्वीसारखा राहिला नाही. या सांगण्याला केवळ स्मरणरंजन म्हणून सोडून देता येणार नाही.

आपल्या पूर्वजांनी या जीवाकडे किती बारकाईने पाहिले होते! अमरकोशात बेडकाला ‘वर्षाभू’ असे नाव आहे. वर्षेत प्रकट होणारा, असा त्याचा अर्थ. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त हे मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. वसिष्ठ ऋषींनी तेथे बेडकांची तुलना वर्षभर व्रतस्थ राहून पर्जन्याच्या आगमनाने वाणी मोकळी करणाऱ्या वेदपाठी ब्राह्मणांशी केली आहे. ही केवळ कविकल्पना नव्हे. आपल्या कोरडवाहू भागातील बिळकरी बेडूक उन्हाळ्यात खरोखरच जमिनीखाली मातीत स्वतःला गाडून घेतो आणि पाऊस मुरताच वर येतो. बंगळुरू परिसरात सापडलेल्या अशाच एका बिळकरी बेडकाचे नामकरण शास्त्रज्ञांनी २०२४ साली ‘वर्षाभू’ असेच केले. प्राचीन शब्द आणि आधुनिक विज्ञान यांची ही गाठ सुखावणारी आहे. परंतु नाव जपले आणि जीव गमावला, तर त्या नावाचे काय करायचे?

जगाचे चित्र चिंताजनक आहे. २००४ साली झालेल्या पहिल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या सुमारे एक तृतीयांश जाती संकटग्रस्त ठरल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत आठ हजारांहून अधिक जाती तपासल्या गेल्या आणि हे प्रमाण ४१ टक्क्यांवर पोहोचले. पृष्ठवंशीय प्राण्यांत याहून अधिक संकटात असलेला दुसरा वर्ग नाही. बेडूक त्वचेनेही श्वास घेतो, त्याचे बालपण पाण्यात आणि प्रौढपण जमिनीवर जाते. पाणी बिघडो वा माती, पहिला घाव त्यालाच बसतो.

मग रक्षण करायचे ते कसे? येथे अभ्यासकांत मतभेद आहेत आणि प्रत्येक पक्षाचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

पहिला पक्ष कायद्याचा. त्याला आपल्याच देशातील अनुभवाचे बळ आहे. १९८१ च्या सुमारास भारतातून वर्षाला चार हजार टनांहून अधिक बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेच्या ताटांत जात होत्या. परकीय चलन मिळत होते. पण शेतातील कीड खाणारा विनामूल्य राखणदार विकून कीटकनाशके विकत घेण्याचा तो व्यवहार होता. १९८५ साली आपला मोठा पिवळा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आला आणि १९८७ साली भारताने निर्यातच बंद केली. पुढे २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन थांबविण्याचा निर्णय दिला. कायद्याने सुरी थांबली, हे निर्विवाद. परंतु भारताने हात आखडताच इंडोनेशिया हा मोठा निर्यातदार बनला, म्हणजे जगाची मागणी काही संपली नाही. आणि कायदा आटणाऱ्या डबक्यात पाणी भरू शकत नाही.

दुसरा पक्ष बंदिस्त प्रजननाचा. टांझानियातील किहान्सी धबधब्याच्या तुषारांत जगणारा एक चिमुकला भेक धरणामुळे तुषार आटल्यावर नाहीसा झाला आणि २००९ साली निसर्गातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी त्याची पैदास केली आणि २०१२ पासून तो परत सोडण्यात येऊ लागला. मात्र त्यासाठी दरीत कृत्रिम तुषार उडविणारी यंत्रणा बसवावी लागली. सिंधुदुर्गातील आंबोली परिसरातच आढळणाऱ्या, २००९ साली नव्याने नोंदल्या गेलेल्या भेकासारख्या अतिदुर्मिळ जातीवर उद्या अशी वेळ आली, तर हा उपाय शेवटचा आधार ठरेल. तथापि सोलापूरचा प्रश्न निराळा आहे. येथील मोठा पिवळा बेडूक कागदोपत्री आजही संकटग्रस्त नाही. पण शेतातील कीड आणि डासांच्या अळ्या यांवर अंकुश ठेवण्याचे काम दुर्मिळ जाती करीत नाहीत. ते संख्येने विपुल असलेले सामान्य बेडूकच करतात. ती विपुलता संग्रहालयात टिकत नाही, ती शिवारातच टिकते.

म्हणून खरा वाद शिवारात येऊन थांबतो. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ साली अ‍ॅट्राझिन या तणनाशकाच्या अत्यल्प मात्रेनेही नर बेडकांच्या जननेंद्रियांत बिघाड होतो, असा निष्कर्ष मांडला. उत्पादक कंपनीने तो नाकारला आणि वाद दीर्घकाळ गाजला. भूजलातील अंशांचे कारण देत युरोपीय संघाने २००४ साली या रसायनाची मान्यता काढली. आपल्याकडे मात्र ते ऊस-मक्याच्या शेतात वापरले जाते. पण सांगोल्याच्या डाळिंब उत्पादकाला एका वाक्यात ‘फवारणी बंद कर’ असे सांगणे अन्यायाचे होईल. तेल्या रोगाने उभी बाग गेली की घराचे वर्षभराचे गणित कोसळते. त्याच्या शेततळ्याचेही तसेच. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या, निसरड्या कडांच्या तळ्यात उतरलेला बेडूक वर येऊ शकत नाही. पण त्याच तळ्यावर बाग जगते. शेतकरी आणि बेडूक यांना परस्परांचे शत्रू ठरविणारा उपाय टिकणार नाही.

टिकणारा उपाय साधा आहे. शेततळ्याच्या कडेला काथ्याची जाळी वा जुने गोणपाट पाण्यापर्यंत सोडावे, म्हणजे बेडकाला चढण मिळते. बांधाच्या सखल कोपऱ्यात प्लास्टिकविना एक खड्डा राखावा. त्यात महिना-सव्वा महिना पाणी टिकले, तर कित्येक जातींची पिले पाय फुटून बाहेर पडतात. त्या कोपऱ्याभोवती दोन-चार हात पट्टा फवारणीविना सोडावा. डास मारण्यासाठी गप्पी मासे बंद टाक्यांत सोडावेत, नैसर्गिक डबक्यांत नव्हे. कारण ते बेडकाची अंडी आणि कोवळी पिलेही फस्त करतात. सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, हिप्परग्याचा तलाव ही सोलापूरची जलसंपदा आहे. तेथे काठ दगडी भिंतींनी बांधून काढण्यापेक्षा काही भाग तरी उथळ, गवताळ आणि सांडपाण्यापासून मुक्त ठेवण्याचा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. आणि पहिल्या पावसाच्या रात्री रस्त्यावर उड्या मारणारे जीव दिसले, तर वाहनाचा वेग थोडा कमी करण्यास काही खर्च येत नाही.

दुष्काळात आपल्या खेड्यांत कडुलिंबाचा पाला गुंडाळून धोंडी निघते, बेडकाला साकडे घातले जाते. ज्याच्याकडे पाऊस मागायचा, त्याच्याच जन्माचे डबके मुरूम टाकून बुजवायचे, ही विसंगती आहे. श्रद्धा एका दिवसाची आणि उपेक्षा वर्षभराची, असे चालणार नाही. येत्या मृगात प्रत्येक कुटुंबाने मुलांसह एक रात्र जवळच्या ओढ्याकाठी जावे, आवाज ऐकावा, तारीख आणि ठिकाण वहीत टिपून ठेवावे. पाच-दहा वर्षांच्या अशा वह्या एकत्र आल्या, तर घोष खरोखर विरत चालला आहे काय आणि कोठे, हे सोलापूरला आठवणींवर न विसंबता सांगता येईल. मंडूकसूक्ताच्या अखेरीस ऋषीने बेडकांकडे गोधन आणि दीर्घायुष्य मागितले आहे. ते मागण्याचा अधिकार टिकवायचा असेल, तर आधी त्यांच्यासाठी हातभर पाणी राखावे लागेल.