डायलिसिसवरील रुग्णाचे मनःस्वास्थ्य



वसंत व्याख्यानमालेत श्रोते येतात ते राजकारण, वाङ्मय, इतिहास ऐकावयाला. तेथे मूत्रपिंडाच्या आजाराचा विषय का घेतला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु आज पुष्कळांच्या नात्यात, शेजारात किंवा कचेरीत आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाणारा कोणी ना कोणी असतो. त्याच्या रक्ताची चौकशी आपण करतो. 'क्रिएटिनिन किती आले?' हा प्रश्न आता घरोघर ऐकू येतो. त्याच्या मनाची चौकशी मात्र सहसा होत नाही. ती का करावी आणि कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या अमलाखालील हॉलंडात, कांपेन या गावी विलेम कोल्फ या डॉक्टराने १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला प्रयोग केला. सॉसेज भरण्याची सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपाभोवती गुंडाळली होती. पहिले रुग्ण दगावत गेले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. तरी हा उपाय थोड्या दिवसांच्या संकटापुरताच होता, कारण दर वेळी रक्तवाहिनी नव्याने उघडावी लागे. सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायम बसवून ही अडचण दूर केली. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण पुढे ११ वर्षे जगला.

परंतु यंत्रे थोडी आणि रुग्ण फार. तेव्हा यंत्र कोणाला द्यावयाचे हे ठरविण्यासाठी सिॲटलमध्ये ७ जणांची एक समिती नेमण्यात आली. उमेदवाराचे उत्पन्न, कुटुंब, समाजातील स्थान हे सारे ती पाहत असे. आपल्याकडे अशी समिती कोणी नेमली नाही. ते काम पुष्कळ वर्षे पैशाने केले. २०१६ साली केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, आपल्या राज्यात महात्मा फुले योजनेतूनही ही सोय मिळते. त्यामुळे जे पूर्वी दारातूनच परत जात, त्यांच्यापैकी अनेक जण आज जगत आहेत. म्हणूनच 'माणूस जगेल का' या प्रश्नाबरोबर 'तो कसा जगेल' हाही प्रश्न आता आपल्यापुढे आला आहे.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. चार-चार तासांच्या तीन पाळ्या धरल्या, तर यंत्र १२ तास काम करते. आणि आपल्याकडे अनेकांना दोनच पाळ्या मिळतात. उरलेल्या तासांचा भार रुग्णाच्या संयमावर पडतो. एका पाळीत यंत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, आणि त्याच यंत्राशेजारी निजलेल्या माणसाला, लघवी बंद झालेली असल्यास, दिवसाकाठी लिटरभर किंवा त्याहूनही कमी पाण्यावर राहावे लागते. वैशाखातल्या दुपारी याचा अर्थ काय होतो, हे मी सांगावयास नको. केळे नको, शहाळे नको, लोणचे-पापड नको, भाजी शिजवून वरचे पाणी ओतून टाकावयाचे. कोणाकडे गेले तर पुढे आलेला चहा परत करावयाचा. परगावी लग्न असो की मयत असो, मंगळवारची पाळी चुकविता येत नाही.

आता पाहा, या माणसाचे नेमके काय गेले आहे? मूत्रपिंड तर गेलेच; पण स्वतःच्या दिवसावरची मालकीही गेली. केव्हा उठावे, किती प्यावे, कोठे जावे हे दुसरे कोणी तरी ठरविते. खेड्यातला रुग्ण असेल तर पहाटेची एस. टी. धरून जिल्ह्याच्या गावी जावयाचे, सोबत मुलगा किंवा बायको. म्हणजे दोघांचा रोज बुडतो. पाळी संपल्यावर उरलेला दिवस अंग गळून जाते. काल जो घरचा कर्ता होता, तो आज घरचा खर्च झाला, असे त्याचे त्यालाच वाटू लागते. ही अपराधाची भावना मला पाण्याच्या तहानेहून अधिक जाळणारी वाटते.

राइक्समन आणि लेव्ही या दोन अमेरिकन मनोवैद्यांनी १९७२ साली अशा रुग्णांच्या मनाचे तीन टप्पे वर्णिले. आरंभी, मृत्यूच्या दारातून परत आल्याचा आनंद असतो. त्याला त्यांनी मधुचंद्राचा काळ म्हटले. मग भ्रमनिरास होतो. ही औषधाची बाटली नव्हे, हा जन्माचा नेम आहे, हे उमगते. पुढे चढउतार सोशीत जुळवून घेण्याचा दीर्घ काळ येतो. आपल्या दृष्टीने मधला टप्पा महत्त्वाचा. कारण तोपर्यंत भेटावयास येणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, आणि नेमकी तेव्हाच सोबतीची गरज असते.

निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून असे दिसते की, डायलिसिसवरील साधारण चार-पाच जणांत एकाला खरे नैराश्य असते. म्हणजे नुसती उदासी नव्हे, उपचार करावा असा आजार. तो ओळखणे कठीण, कारण थकवा, भूक मंदावणे, झोप उडणे ही नैराश्याची लक्षणे मूत्रपिंडाच्या विकाराचीही असतात. डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे, घरचे म्हणतात स्वभाव चिडका झाला. आणि हा माणूस एक दिवस पाळी चुकवितो, मग दुसरी चुकवितो. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो पुष्कळदा आजार असतो, आणि त्याने जीव जाऊ शकतो.

यावर उपाय आहे. अमेरिकेत २०१९ साली १२० रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना नैराश्यावरचे औषध दिले, तर काहींशी यंत्र चालू असतानाच तज्ज्ञाने ठरावीक पद्धतीने बोलून विचारांना वळण देण्याचा यत्न केला. दोन्ही गटांत नैराश्य उतरले. औषधाचा गुण किंचित अधिक आला, त्रासही अधिक झाला. ते चार तास नाही तरी छताकडे पाहण्यातच जातात. त्यांतला थोडा वेळ मनाला दिला, तर जागा नवी लागत नाही, एस. टी.चे भाडे वेगळे पडत नाही. आपल्या केंद्रांनी हे मनावर घेण्याजोगे आहे. तोवर शासनाची २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६.

पण सर्वच काही तज्ज्ञावर सोपवून चालणार नाही. घरच्यांना माझी विनंती आहे की, पाण्याच्या तांब्यावर पहारेकरी होऊ नका. दिवसाचे पाणी सकाळी एका बाटलीत मोजून त्याच्या हाती द्या. ते केव्हा प्यावयाचे हे त्याला ठरवू द्या. आपले वजन, आपले आकडे त्याला स्वतःला समजू द्या. घरातले निर्णय त्याला विचारून करा. ज्याला कोणी काही विचारीत नाही, तो हळूहळू घरात पाहुणा होतो. केंद्रांतील मंडळींनाही एक सांगावेसे वाटते. शेजारच्या खाटेवरचा सोबती एक दिवस दिसत नाही. सर्वांना कळते, पण कोणी बोलत नाही, आणि त्या खाटेवर नवा माणूस येतो. तेथे दोन शब्द बोलावेत. मौनाने भीती कमी होत नाही, ती प्रत्येकाची एकट्याची होते.

आणि कोणी 'आता पुरे' म्हणाला, तर त्याला धीराचे व्याख्यान देऊ नका. आधी ऐका. त्यामागे नैराश्य असेल, पैशाची ओढाताण असेल, मुलाच्या संसारावर भार पडल्याची टोचणी असेल. ती कारणे दूर होण्याजोगी असतात. क्वचित तो वयोवृद्ध माणसाचा शांतपणे केलेला विचारही असेल. त्यालाही मान आहे. कोणते काय, हे ऐकल्यावाचून कळत नाही.

जयप्रकाश नारायण यांचे उदाहरण आपल्याला आठवत असेल. आणीबाणीत, १९७५ साली, चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोकमध्ये त्यांच्यावर डायलिसिस सुरू झाले, आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत ते चालले. १९७७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षांना एकत्र आणण्याचे काम त्यांनी याच अवस्थेत केले. हे उदाहरण मी 'पाहा, त्यांनी केले, तुम्ही का रडता?' असे म्हणण्यासाठी देत नाही. तसे म्हणणे निर्दयपणाचे होईल. त्यांच्याभोवती माणसे होती, आणि त्या माणसांना त्यांची गरज होती, हे मला दाखवावयाचे आहे. सामान्य माणसाला देशाचे राजकारण नको. नातवाचा अभ्यास घेणे, दुकानाचा हिशेब पाहणे, नव्याने आलेल्या रुग्णाला पहिल्या सुईच्या वेळी धीर देणे, एवढे पुरते. मात्र ते काम खरे असले पाहिजे. मन रमविण्यासाठी दिलेले खोटे काम त्याला ताबडतोब ओळखू येते.

रक्तातील विष काढण्याचे काम यंत्र करील. आपण कोणाला तरी हवे आहोत ही खात्री देण्याचे काम यंत्राचे नाही. ते तुमचे-माझे आहे.