हिमालयाच्या वाटेवर कामगाराचे कुटुंब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर किंवा गोदामांतील हमालांच्या प्रश्नांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे मी त्याच विषयांवर बोलत आलो आहे. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की, झोपेतही मी त्याच विषयांवर बोलतो! तेव्हा मीच विनंती केली की, या खेपेस मला प्रवासावर बोलू द्या. चालकांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

काल्हेरचा एक युनियनवाला हिमालयावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे शिक्षण झाले ते रात्रपाळी संपल्यावर, भिवंडीच्या ग्रंथालयातील बाकावर. काकासाहेब कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले, त्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक मी तेथेच वाचले. तेव्हापासून मनात एक इच्छा होती. आमचे काल्हेर खाडीच्या काठी, समुद्रसपाटीला जवळजवळ टेकलेले. दारात मालमोटारींची रांग आणि चारी बाजूंना गोदामे. अशा जागी वाढलेल्या माणसाला उंच डोंगराची ओढ लागली, तर त्यात नवल ते काय?

पण ओढ असणे वेगळे आणि निघणे वेगळे. कामगाराला निघू देत नाही तो पैसा, असे आपण समजतो. माझा अनुभव असा की, पैशाच्या आधी आडवी येते ती रजा. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची एक सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सतत सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, ते त्या पुण्याईवर. फ्रान्समधील कामगारांना १९३६ साली वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. कायद्याने दिली खरी, परंतु आपण ती घेतली का? आमचे बहुतेक कामगार रजा विकतात, किंवा आपल्याला ती आहे हेच त्यांना ठाऊक नसते. मी स्वतः, रजेवर भाषणे देणारा माणूस, पन्नाशी उलटेपर्यंत कुटुंबाला घेऊन चार दिवस कोठे गेलो नव्हतो. गणपतीला गावी जाणे ही रजा नव्हे. ते कर्तव्य आहे.

म्हणून २०२२ च्या दिवाळीत आम्ही घरातली पाच माणसे बसलो आणि ठरविले की, लेहपर्यंत मोटारीने जायचे. एकाहत्तर वर्षांची आई, मी, पत्नी, टेम्पो चालविणारा मुलगा आणि परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी. तयारीला पावणेदोन वर्षे लागली. दरमहा दोन हजारांची भिशी लावली. गाडी मेहुण्याची मिळाली, सात माणसांची. आता त्या तयारीतील चार गोष्टी सांगतो. उद्या आपल्यापैकी कोणी निघाले, तर त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट चालकाची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि पाच तास होण्याच्या आत निदान अर्धा तास विश्रांती दिली. दुसऱ्यांच्या गाड्यांवर हा नियम पाळला जावा म्हणून मी किती तरी दारांशी उभा राहिलो आहे. मग आपल्याच मुलाला चौदा तास चाकावर कसा बसवू? मुलगा आणि मी आळीपाळीने गाडी चालवू, दोघांचे मिळूनसुद्धा आठ तासांच्या वर जायचे नाही आणि अंधार पडल्यावर चाक फिरवायचे नाही, असा नियम केला. त्यामुळे वडोदरा, उदयपूर, जयपूर आणि चंदीगड असे चार मुक्काम पडले. कोणी म्हणेल, दोन दिवसांत चंदीगड गाठणारे आहेत. असतील. पण त्यांना उदयपूरचा तलाव दिसत नाही.

दुसरी गोष्ट डोंगरात गाडी हाकण्याची. ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा माणूस ब्रेक तापवून बसतो. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी. रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी ओलांडावेत, कारण ऊन चढले की बर्फ वितळते आणि दुपारी पाणी वाढते. मनालीपुढच्या तांडी गावी जो पंप आहे, तेथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तेथे टाकी भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्या प्रवासाला सुमारे तीनशे लिटर डिझेल लागले, तेव्हा हिशेब घरूनच करून ठेवावा.

तिसरी गोष्ट पोटाची. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळते, पण पुरेसे तापत नाही. तीन हजार मीटरवर ते नव्वद अंशांच्या आसपासच उकळू लागते. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी शिजत नाही. पत्नीने सर्वांची थट्टा सोसून घरचा कुकर बरोबर घेतला होता. मेतकूट, लसणीची चटणी आणि कुकरमधली खिचडी या तीन गोष्टींवर आमचे कुटुंब भांडणाशिवाय टिकले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे उंची. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची सुमारे पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. डोके दुखणे, मळमळणे, अन्न नकोसे होणे ही पहिली घंटा. पाऊल लटपटणे, बोलण्यात घोटाळा होणे, बसल्या जागी धाप लागणे ही शेवटची. तीवर पहिला आणि खरा उपाय एकच, खाली उतरणे. आमच्या मुलीने हे सारे एका वहीत लिहिले आणि त्याखाली परतीच्या अटी लिहिल्या. कोणाचेही पाऊल लटपटले, तर कोणालाही न विचारता गाडी फिरवायची. पाचही जणांनी सह्या केल्या. आईने अंगठा न लावता सही केली, याचा तिला फार अभिमान. मालकाशी मी पुष्कळ करार केले, पण घरातल्या माणसांशी केलेला हा माझा पहिलाच करार.

या अटी मला का हव्या होत्या, ते सांगितले पाहिजे. माझे वडील लालबागला साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडील पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. आम्ही भिवंडीला आलो, ते लूमवर लागले आणि दोन वर्षांनी मीही लागलो. मी कोणाला दोष देत नाही. त्या लढ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्या घरात 'माघार' हा शब्द शिवीसारखा झाला. अखेरच्या आजारात वडील एकदा म्हणाले, "परतायचं कुठून, हे निघताना कुणी विचारलंच नाही रे. मीबी नाही विचारलं." ते वाक्य मी विसरू शकलो नाही.

असो. २०२४ साली गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर आम्ही निघालो. अंजूरफाट्यावरून चिंचोटीला गेलो आणि अहमदाबादचा हमरस्ता धरला. सातव्या दिवशी मनाली सोडले. तेथे दोन रात्री राहिलो होतो. २०२० साली सुरू झालेला अटल बोगदा नऊ किलोमीटरांचा आहे. आत शिरताना मागे देवदारांची हिरवी दरी होती, बाहेर पडलो तो लाहौलचे उघडे, तांबूस डोंगर समोर! आई म्हणाली, "एका दारातून दुसऱ्याच देशात आलो की!" जिस्पाला, म्हणजे सुमारे ३,२०० मीटरवर, पुन्हा दोन रात्री काढल्या. शेजारून भागा नदी वाहत होती. आयुष्यात प्रथमच मी सलग दोन दिवस घड्याळाकडे पाहिले नाही.

दारच्याच्या पुढे सडकेवर काम चालले होते. तोंडाला फडके बांधलेली माणसे खडी पसरीत होती. डांबराच्या पिंपाखाली जाळ होता आणि त्याचा धूर सरळ त्यांच्या छातीत जात होता. माझ्यातला युनियनवाला थोडाच गाडीत बसून राहणार! उतरून बोललो. बहुतेक झारखंडचे, दुमक्याकडचे. सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. हिमालयातील हे रस्ते तिने बांधले आणि राखले. पण दर उन्हाळ्यात हातात फावडे घेऊन येतात ते असे मजूर. २०२० च्या टाळेबंदीत हेच लोक लडाखमध्ये अडकले होते. त्यांतील काहींना मे महिन्यात विमानाने घरी आणावे लागले, आणि लगेच जूनमध्ये दुमक्याहून खास गाडीने मजूर पुन्हा त्याच रस्त्यांवर गेले. त्यांच्यातील एकाने मला विचारले, "आप लोग ऊपर क्यों जाते हैं?" मला चटकन उत्तर सुचले नाही. "देखने," एवढेच म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "हम तो रोज देखते हैं." पत्नीने सर्वांना थर्मासमधील चहा दिला. सडकेची मजा घेताना सडक कोणाच्या फुप्फुसांवर उभी आहे, हे विसरू नये, एवढे तरी त्या दिवशी मुलांनी शिकून घेतले.

झिंगझिंगबार सोडल्यावर आई गप्प झाली. सूरज ताल आला, तेव्हा तिने डोके धरले होते. बारालाचा खिंड, सुमारे ४,८९० मीटर, अगदी दोन-तीन किलोमीटरवर होती. एवढ्या उंचीवर हवेचा दाब आपल्या खाडीकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. आई उतरली, चार पावले टाकली आणि तिचा तोल गेला. मुलीने तिला धरले आणि माझ्याकडे पाहिले.

मुलगा म्हणाला, "बाबा, खिंड ही समोर दिसते आहे. पलीकडे सरचू उतारावरच आहे. तिथं पोहोचलो की आजी निजेल." मला मोह झाला, हे कबूल करतो. पावणेदोन वर्षांची भिशी, अडीच हजार किलोमीटरांचे स्वप्न! त्यात आई म्हणू लागली, "माझ्यापायी पोरांचं लडाख बुडवू नको. मला काही होत नाही." सरचू सुमारे ४,२९० मीटरवर. म्हणजे जिस्पाहून एका दिवसात हजारावर मीटर. नियम वहीत लिहिला होता आणि आखणी करताना मीच तो बाजूला ठेवला होता. श्रीनगरकडून द्रास, कारगिल करीत गेलो असतो, तर मुक्कामांची उंची अधिक सावकाश वाढली असती. जवळची वाट धरण्याचा लोभ माझा. चूक माझी.

मुलीने वही उघडली नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, सही आहे तुमची."

मी गाडी फिरविली. दोन तास कोणी बोलले नाही. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. जिस्पाला पोहोचेपर्यंत आईचा चेहरा निवळला. तिन्हीसांजेला तिने चहा मागितला आणि पाठोपाठ खिचडीही. त्या रात्री मला वडिलांची फार आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सावकाश तांडीला उतरलो. तेथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. संगमापुढे तिचे नाव चंद्रभागा, आणि खाली जम्मूकडे गेल्यावर चिनाब. मी हे पुस्तकात वाचले होते, पण लेहच्या नादात त्याचे काही वाटले नव्हते. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. ही त्याच नावाची दुसरी नदी. मी आईला नाव सांगितले, तेव्हा तिने मला पुन्हा विचारले. मग ती मुलाच्या हाताला धरून पाण्याजवळ गेली, ओंजळ डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "काल वर जे तळं पाहिलं, तिथनंच ही भागा निघाली ना? म्हणजे मी उगमही पाहिला आणि संगमही!" चाळीस वर्षे पंढरीची वारी केलेल्या बाईला याहून मोठे लडाख कोणते दाखविणार? मुलगा तेथे पहिल्यांदा हसला.

पुढचे तीन दिवस आम्ही त्याच खोऱ्यात काढले. त्रिलोकनाथाच्या मंदिरात हिंदू आणि बौद्ध एकाच मूर्तीपुढे हात जोडताना पाहिले. मग आल्या वाटेने, आठ तासांचा नियम पाळीत, काल्हेरला परतलो.

मित्रहो, लढा असो वा प्रवास, परतण्याची जागा ठरवून निघालेला माणूस भित्रा नसतो. त्याने बरोबरच्या माणसांची जबाबदारी घेतलेली असते, इतकेच. जो म्होरक्या मागे वळूच शकत नाही, त्याच्या मागून म्हाताऱ्या माणसांनी जावे कसे? ही गोष्ट मी तीस वर्षे सभा घेऊन शिकलो नाही. ती मला सूरज तालापाशी, माझ्याच मुलीने शिकविली. अलीकडे आमच्या युनियनच्या बैठकीत संपाची चर्चा निघाली की, मी पहिला प्रश्न तोच विचारतो. काही तरुणांना तो आवडत नाही. विचारायचा मात्र मी सोडणार नाही.

शेवटी एकच विनंती. आपली रजा विकू नका. हिमालय दूर वाटत असेल, तर माळशेज आहे, नाणेघाट आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्या, आणि त्यांच्या पावलाकडे लक्ष ठेवा. लेह आम्हांला अजून पाहायचे आहे. नवी भिशी सुरू झाली आहे, आणि या खेपेस वाट श्रीनगरची धरली आहे. आई येणार नाही म्हणते. ती म्हणते, माझी चंद्रभागा झाली.

आता मी आपली रजा घेतो. ही रजा मात्र बिनपगारी आहे!