इंदापूरची गढी आणि कऱ्हाकाठचा वाडा

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला इंदापूर परगणा निजामशाही व आदिलशाही यांच्या सरहद्दीचा मुलूख असल्यामुळे, येथील गढीच्या परिसराने महसुलाच्या वसुलीइतकीच शस्त्रांची झुंजही पाहिली. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्याच रणांगणावर धारातीर्थी पडले. पुढे अंमल बदलला, तरी कचेरीचे ठाणे गढीतच राहिले. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी व प्रतवारी करून सारा ठरविण्याची जी पद्धत बसविली, तिचा आरंभ याच तालुक्यात झाला आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. रयतेच्या जीवनावर एवढा दीर्घ परिणाम करणारी ही घटना आपल्या विस्मृतीत जावी, याचा विषाद वाटतो.

बारामतीस कऱ्हेच्या तीरी बाबूजी नाईक जोशी यांचा तटाबुरुजांचा, भुईकोटासारखा भक्कम वाडा आहे. थोरल्या बाजीरावांच्या निधनानंतर, 1740 साली, पेशवेपदाची आकांक्षा धरणारे हे मातबर सावकार. यांच्याच आश्रयाने कविवर्य मोरोपंत बारामतीत राहिले आणि 1794 साली तेथेच निवर्तले. या वाड्यातही दीर्घकाळ न्यायालय व सरकारी दफ्तरे होती. जेथे पूर्वी शिबंदीचा पहारा असे, तेथे फिर्यादी आणि वकील येऊ लागले.

बारामती-इंदापूरकडे जाणे झाल्यास या दोन्ही वास्तू अवश्य पाहाव्यात, मुलांनाही दाखवाव्यात, आणि त्यांच्या भिंतींवर कोणीही आपले नाव कोरू नये, ही विनंती.