पेशीतली वीज



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही कारखान्याच्या फाटकावर बोलणारे. आमचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शरीरातील विजेचा विषय आम्ही का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात एका फौंड्रीत आमचा एक सोबती भट्टीपाशी कोसळला. पोटऱ्यांत गोळे, पोटात पेटके. सुपरवायझर म्हणाला, "सोंग आहे." खरे सांगायचे तर क्षणभर आम्हांलाही तशी शंका आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "घामावाटे याचे मीठ गेले आहे, आणि हा नुसते पाणी पीत राहिला." त्याचा चार दिवसांचा पगार मात्र कापला गेला. मिठाचा आणि स्नायूचा संबंध काय, या एका प्रश्नापायी आम्ही पुस्तके उघडली.

मीठ पाण्यात विरघळले की त्यातले विद्युत्भारित कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. सोडियमचा आयन धन, क्लोराइडचा ऋण. आपल्या पेशींच्या बाहेरच्या द्रवात सोडियमची गर्दी असते, तर आत पोटॅशियमची. पोटॅशियम आत १४० भाग धरले, तर बाहेर जेमतेम ५. सोडियम बाहेर १४५, तर आत १० ते १५. मध्ये स्निग्ध द्रव्याचे एक पटल. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी.

या पटलात पोटॅशियमला जाण्याजोगी दारे पुष्कळ उघडी असतात; सोडियमची बहुतेक बंद. पाळी सुटली की माणसे गर्दीतून मोकळ्या रस्त्याकडे निघतात, तसा पोटॅशियम बाहेर निघतो. पण जाताना तो आपला धनभार घेऊन जातो. त्याच्या जोडीचे प्रथिनांसारखे मोठे ऋणकण आतच अडकून राहतात. म्हणून आतली बाजू ऋण होते आणि तो ऋणभार बाहेर निघालेल्या पोटॅशियमला मागे ओढू लागतो. बाहेर लोटणारी गर्दी आणि आत खेचणारी वीज यांची बरोबरी झाली की जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्यासाठी अगदी थोडे आयन बाहेर पडावे लागतात. आतला साठा जवळजवळ तेवढाच राहतो.

एकटा पोटॅशियमच ये-जा करता, तर ही बरोबरी सुमारे ९० मिलिव्होल्टला झाली असती. पण थोडा सोडियम आत झिरपतो, म्हणून मज्जातंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. बॅटरीच्या दीड व्होल्टच्या सेलचा हा विसावा हिस्सा! पण पटल इतके पातळ, की सेंटिमीटरमागे हिशेब केला तर एक लाख व्होल्ट भरतात.

पोटॅशियमची ही उपपत्ती जर्मनीच्या ज्युलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ साली मांडली. पुढे १९३९ साली इंग्लंडात प्लिमथ येथे अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी म्हाकुळाच्या जाड मज्जातंतूत बारीक नळी घालून हा दाब आतून मोजला. संदेश जाताना आतली बाजू क्षणभर चक्क धन होते, असे त्यांना दिसले. सोडियमची दारे उघडतात आणि तो आत घुसतो, म्हणून हे घडते. या कामाची पूर्ण मांडणी १९५२ साली झाली, आणि १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूही अशाच विजेच्या इशाऱ्यावर आखडतो.

आता प्रश्न उरतो तो असा: झिरपणे सतत चालू असेल, तर दोन्ही बाजू सारख्या का होत नाहीत? याचे उत्तर डेन्मार्कच्या येन्स स्को यांना १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूत सापडले. पटलात एक पंप आहे. इंधनाच्या एका रेणूवर तो ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. स्को यांना नोबेल मिळाले ते १९९७ साली! पेशी स्वस्थ असतानाच्या या विद्युत्दाबाला शास्त्रज्ञ 'विश्रांतीचा' दाब म्हणतात. पण त्या विश्रांतीतही पंपाला सुट्टी नाही. तो थांबला तर हळूहळू सारी वीज ओसरते.

पेटक्यांचे मूळ मज्जातंतूत की स्नायूत, हा शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. पण आगीपाशी राबणाऱ्याचे मीठ घामावाटे जाते आणि वर नुसते पाणी ढोसले तर रक्तातला सोडियम आणखी पातळ होतो, यात वाद नाही. पाळीत दोनदा सावलीत विसावा, माठाचे पाणी, लिंबू आणि मीठ, एवढीच आमची मागणी होती. ती मिळवायला दोन उन्हाळे गेले. तोवर आम्ही फाटकावर घसा कोरडा करून ओरडत होतो. पण सोबत्याला सोंगाड्या म्हणणाऱ्याला समजेल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आज ते आहे. म्हणून हा विषय घेतला.