दमणगंगेचा पूर आणि सिल्वासाची मुक्ती



दादरा-नगर हवेलीचा मुक्तिसंग्राम आपण बहुधा शौर्यकथा म्हणून ऐकतो. ते शौर्य मी नाकारीत नाही. परंतु त्या कथेतील एका मूक पात्राकडे, दमणगंगेकडे, आपले लक्ष वेधावयाचे आहे.

नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी नगर हवेलीतून वाहत दमणपाशी समुद्राला मिळते. मुखाशी दमणचा किल्ला पोर्तुगीजांचा आणि वर हवेलीची गावेही त्यांचीच. १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी या गावांचा महसूल त्यांना लावून दिला होता. मधली पट्टी मात्र भारताची. १९५४ च्या जुलैत भारत सरकारने ती वाट बंद केली आणि दमणची कुमक सिल्वासाला मिळण्याची आशा संपली. पुढे १२ एप्रिल १९६० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही, सशस्त्र दळे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असाच निर्णय दिला.

वाट बंद होण्याआधीच, २२ जुलैच्या सुमारास, दादरा पडले. तेथे फौजदार आनिसेतो रोझारिओ मारले गेले. २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तरुणांनी नरोली घेतली. त्या दिवसांत नदी दुथडी भरून वाहत होती. सिल्वासाहून नरोलीस मदत धाडणे पुराने अशक्य केले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे शिपायांसह खानवेलकडे, खोऱ्यात वर सरकले आणि ११ ऑगस्टला उधवा येथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले.

श्रेय कोणाचे, यावर पुढे वाद झाले. ते आपल्या स्वभावाला धरूनच झाले म्हणा! तथापि त्या वादात वारली, कोकणा, धोडिया यांचा उल्लेख ओझरताच येतो. खोरे त्यांचे. शेजारच्या तलासरी भागातील वारल्यांचा १९४५ चा उठाव गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे आपल्या कपाटांत पोहोचला. हवेलीच्या वारल्यांना तसे पुस्तक लाभले नाही. पुढे मधुबन धरणाच्या जलाशयाखाली त्या खोऱ्यातील कितीतरी जमीन गेली.

१९५४ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. शताब्दीनिधीतून या ग्रंथालयाने दोन तरुण आणि एक ध्वनिमुद्रक खानवेल-दुधनीकडे पाठवावा, वारली बोलीतच त्या आठवणी टिपून घ्याव्यात आणि मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांशेजारी ठेवाव्यात, एवढीच माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी हे व्हावे. पावसात ते रस्ते आजही सोपे नाहीत.