जुने पान आणि नवी सूचना

पंचायतीच्या फलकावरील जुना कागद काढून नवा लावला, की तो येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांनाच दिसतो. संकेतस्थळाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तेथे नवी सूचना प्रसिद्ध झाली, तरी एखाद्याच्या पडद्यावर जुनीच दिसत राहते. मुदत वाढलेली असूनही ती संपली असे समजून एखादा विद्यार्थी अर्जच करीत नाही. यादीत दुरुस्ती झालेली असूनही आपले नाव नाही म्हणून एखादी वृद्धा पुन्हा कचेरीची पायरी चढते.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. एखादे पान उघडले, की ब्राउझर त्यातील मजकूर व चित्रे यांची प्रत संगणकात किंवा भ्रमणध्वनीत ठेवून देतो. या साठ्यास ‘कॅशे’ म्हणतात. तेच पान पुन्हा मागितल्यास पुष्कळदा ही जवळचीच प्रत दाखविली जाते. त्यामुळे वेळ व डेटा वाचतो. ही प्रत किती काळ ताजी मानावी, हे सर्व्हर ठरवून देऊ शकतो. त्या अवधीत मूळ पान बदलले, तर वाचणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

यावरील उपाय सोपा आहे. विंडोज संगणकावर कंट्रोलची कळ दाबून धरून एफ-५ दाबावी, म्हणजे क्रोम, एज व फायरफॉक्स या ब्राउझरांत ते पान मूळ ठिकाणाहून नव्याने मागविले जाते. भ्रमणध्वनीवर तेच पान ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत उघडून पाहावे. तरीही जुनेच दिसल्यास कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तिन्ही कळा एकत्र दाबाव्यात आणि साठविलेली चित्रे व फाइली एवढ्याच पुसाव्यात. पासवर्डपुढे खूण असल्यास ती मात्र काढून टाकावी. नाहीतर जपून ठेवलेले पासवर्डही पुसले जातील. पूर्वी उतरवून घेतलेली पीडीएफ मात्र अशाने बदलत नाही. ती नव्यानेच उतरवून घ्यावी लागते.

कार्यालयांचेही यात कर्तव्य आहे. सुधारित परिपत्रक जुन्याच नावाने चढवू नये. फाइलच्या नावात दिनांक घालावा आणि पानावर ते अद्ययावत केल्याचा दिनांक ठळकपणे द्यावा. शिक्षकांनी हा दिनांक पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

सूचना निघणे आणि ती पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कचेरीने व नागरिकाने मिळून मिटवावयाचे आहे.