शेगडीला माळा, हाताला आराम

शेतातून परतून चूल पेटवता पेटवता तुम्ही हा कार्यक्रम ऐकत असाल, म्हणून आज विषयही विस्तवाचाच घेतलाय. आमच्या बचत गटाचं घाटरस्त्याला भाजलेल्या कणसांचं दुकान आहे. पावसाळ्यात कणीस, हिवाळ्यात रताळी आणि भरताची वांगी, जत्रेच्या दिवसांत मागणीप्रमाणे कोंबडी आणि बांगडा. या सगळ्यासाठी आम्ही आमच्या मापाची कोळशाची शेगडी बनवून घेतली. ती कशी ठरवली, कुठला भाग कशासाठी केला, हे आज सांगणार आहोत. तुमच्या गटाला असं दुकान काढायचं असेल तर ऐकताना वही-पेन्सिल जवळ ठेवा.

आधी अडचण काय होती ते बघा. माळशेज असो, सिंहगड असो, लोणावळा असो, पावसात कणीस खाणारं गिऱ्हाईक एकेक करून येत नाही. अर्धा तास कोणी फिरकत नाही आणि मग एकदम गाडी थांबते, वीस माणसं उतरतात. आधी भाजून ठेवावं तर कणीस गार होऊन दाणा चिवट होतो. निखाऱ्यावरच ठेवावं तर करपतं. आणि माणसं आल्यावर भाजायला घ्यावं तर निम्मी गाडीत बसून निघून जातात. ते गेलेलं गिऱ्हाईक म्हणजे आपली गेलेली मजुरी.

दुसरी अडचण अंगाची. बाजारातली शेगडी जमिनीपासून फूटभर उंच. दिवसभर वाकून कंबर धरते. कोळसा घालायचा तर भाजत असलेला माल उचला, तापलेली जाळी चिमट्यानं बाजूला करा, मग कोळसा टाका. मनगटावर चटके बसतात ते तिथेच. आमच्यातल्या एक मावशी म्हणायच्या, “माझ्या हातावरचे डाग मोजले तर हंगाम किती झाले ते कळेल.” हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ही.

म्हणून गटाच्या बैठकीत ठरलं, नवी शेगडी घ्यायची ती आपल्या मापाची. वेल्डिंगवाले दादा आधी हसले. “ताई, शेगडी ती शेगडी. तिला कसलं माप?” पण ब्लाउजला माप लागतं, विळ्याच्या मुठीला लागतं, मग रोज आठ तास जिच्यापुढे उभं राहायचं तिला नको?

माप घेणं अगदी सोपं आहे. सरळ उभं राहायचं, कोपर दुमडायचा. कोपराच्या वीतभर खाली हात आरामात चालतो, तीच भाजायच्या जाळीची उंची. आम्ही एका काठीवर प्रत्येकीची खूण केली. उंच बाईची खूण वर, ठेंगणीची खाली. मधली खूण आली ३२ इंचांवर. ती धरली. ज्यांना ती उंच पडते त्या पायाखाली लाकडी फळी घेतात.

मग विटांचा प्रयोग. लोखंड कापण्याआधी हा नक्की करा, खर्च काहीच नाही. आडवी ठेवलेली वीट साधारण ३ इंच उंच असते. दोन बाजूंना विटा रचल्या, खाली निखारे केले, तीन विटांवर भाजायची जाळी ठेवली. निखाऱ्यांचा थर ३ इंचांचा धरला तर जाळी त्याच्यापासून ६ इंच वर राहते. तिथे कणीस नीट भाजलं जातं.

आता खरा मुद्दा, भाजलेला माल गरम ठेवायची वरची जाळी. तिला आम्ही माळाच म्हणतो. घरात जास्तीचं सामान जसं माळ्यावर, तसं तयार कणीस शेगडीच्या माळ्यावर. ती जाळी आधी एका विटेवर ठेवली. तिथे दाणे काळे पडायला लागले, शिवाय खाली चिमटा फिरायला जागाच उरेना. तीन विटांवर ठेवली तर वारा सगळी ऊब घेऊन जातो. दोन विटांवर, म्हणजे भाजायच्या जाळीपासून ६ इंचांवर, ऊब राहते आणि हातही मोकळा चालतो. म्हणून माळा ६ इंचांवर.

पण हा माळा पूर्ण शेगडीभर करायचा नाही. आमची शेगडी लांबीला २४ इंच आणि रुंदीला १४ इंच आहे. माळा फक्त मागच्या ७ इंचांवर. पुढची बाजू उघडी, तिथे भाजायचं, आणि झालं की मागे वर ठेवायचं. माळा पूर्ण झाकणारा असता तर प्रत्येक वेळी दोन तापलेल्या जाळ्यांमध्ये हात घालावा लागला असता.

कणीस गोल असतं, ते घरंगळतं. म्हणून माळ्याच्या पुढच्या कडेला १ इंचाची पट्टी उभी लावली. माळा बसतो मागच्या उभ्या पत्र्यावर, आकड्यांमध्ये. हा पत्रा भाजायच्या जाळीच्या वर १० इंच जातो, त्यामुळे वारा अडतो आणि निखाऱ्यांची धग पुढे फिरते. आकडे दोन उंचीवर आहेत. वारा फार असला की माळा एक आकडा खाली घ्यायचा. दुकान बंद करताना उचलून काढायचा, टेंपोत सपाट ठेवायचा. अशा माळ्यावर सालीसकट आठ कणसं ओळीनं बसतात. सालीतच ठेवा, ओल टिकते आणि दाणा मऊ राहतो.

निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. डावीकडे जाड थर, उजवीकडे पातळ. डावीकडे भाजायचं, उजवीकडे नुसतं शेकायचं. धग ओळखायला तळहात भाजायच्या जाळीच्या चार बोटं वर धरा आणि सावकाश आकडे मोजा. दोन-तीनलाच हात काढावा लागला तर धग कडक आहे. पाचपर्यंत टिकला तर मध्यम, कणसाला हीच बरी. आठ-दहापर्यंत टिकला तर फक्त ऊब आहे.

कोळसा घालायला डाव्या बाजूला बिजागरीची छोटी खिडकी केली. जाळी हलवायची नाही, माल उचलायचा नाही. खिडकीच्या मुठीला लाकूड बसवलंय. निखाऱ्यांखाली ३ इंच जागा सोडून तिथे राखेचा खण सरकवलाय, आणि त्याच्या वर समोर सरकती झडप. झडप उघडली की वारा खालून शिरतो, निखारे फुलतात. अर्धी बंद केली की धग बसते, कोळसा कमी जळतो. पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचं काम त्यामुळे पुष्कळ कमी झालं. भाजायच्या जाळीच्या सळ्या आपल्याकडून मागे जाणाऱ्या लावून घ्या. मग बांगडा उलटताना उलथनं सळ्यांवरून सरळ सरकतं, मासा तुटत नाही.

वारा आणि राख यांचा त्रास जगभरच्या माणसांना आहे बरं का. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचे एक गृहस्थ पत्र्याच्या कारखान्यात काम करायचे. तिथे पाण्यावर तरंगत ठेवायचे मोठे गोल बोये तयार होत. उघड्या शेगडीवर भाजताना वाऱ्यानं त्यांना वैताग आणला होता. १९५२ साली त्यांनी तसाच एक गोळा अर्धा कापून घेतला, खालच्या भागाला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं आणि वाऱ्यासाठी भोकं ठेवली. ती गोल शेगडी पुढे देशोदेशी गेली. जो रोज विस्तवापुढे उभा राहतो, त्यालाच शेगडीत काय हवं ते कळतं.

आता सामान. निखाऱ्यांच्या पेटीला १४ गेजचा काळा पत्रा घ्या, म्हणजे साधारण २ मिलिमीटर जाड. पातळ पत्रा तापून वाकतो. छपराचा किंवा जुन्या टाकीचा चकचकीत पत्रा स्वस्तात मिळतो, पण तो अजिबात वापरू नका. त्याला जस्ताचा मुलामा असतो. तो फार तापला की त्याचा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर थंडी-ताप आणि खोकला येतो. जुन्या फ्रिजची जाळीही नको, तिच्यावरही कसला ना कसला मुलामा असतो. खाण्याला लागणाऱ्या दोन्ही जाळ्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांच्या करा. आतून रंग लावायचा नाही. नवी शेगडी आली की पहिल्यांदा अर्धा तास रिकामीच पेटवा, कारखान्यातलं तेल-ग्रीस जळून जाऊ द्या.

पेटवताना रॉकेल नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच. तो वास मालाला लागतो आणि धूर आपल्या नाका-डोळ्यांत जातो. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्या, खालच्या बाजूला भोकं पाडा, तळाशी सळ्या आडव्या बसवा, बाजूला लांब मूठ लावा. सळ्यांखाली कागदाचे बोळे, वर कोळसा. कागद पेटवला की धग वर चढते आणि थोड्या वेळात कोळसा धरतो. वरचा कोळसा राखाडी दिसला की डबा शेगडीत सावकाश ओता.

कोळशाविषयीही एक सांगतो. बाभळीचा कोळसा आपल्याला माहीत आहे, पण उसाच्या पाचटाचाही कोळसा करता येतो. पुण्याच्या ‘आरती’ म्हणजे अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेनं पाचटापासून कांडीकोळसा करायची पद्धत बसवली आणि तिला २००२ साली अॅशडेन पुरस्कार मिळाला. जे पाचट फडात पेटवून देतात, त्याचंच जळण झालं. ऊस असलेल्या गावातल्या गटांनी हा विचार जरूर करावा.

दुकान बंद करताना उरलेले निखारे पाणी मारून विझवू नका. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. हवा बंद झाली की ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी तेच कामाला येतात. राख पूर्ण गार झाल्याशिवाय उकिरड्यावर किंवा वाळल्या गवतात टाकायची नाही.

आता दोन गोष्टी कान देऊन ऐका. पहिली खाण्याची. शिजलेला पदार्थ माळ्यावर ठेवायचा तर तो ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिला पाहिजे. त्याखाली कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात. कणसाचं एक ठीक, पण कोंबडी आणि मासा मागणी आल्यावरच भाजा आणि लगेच वाढा. कच्चं मांस माळ्यावर ठेवायचं नाही. कच्च्याचं ताट आणि चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. पदार्थात खुपसायचा तापमापक मिळतो, गटात मिळून एक घ्या.

दुसरी गोष्ट जिवाची. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. तो श्वासातून रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून थंडीत ऊब हवी म्हणून शेगडी बंद खोलीत घ्यायची नाही. गरम निखाऱ्यांचा डबा बंद टेंपोत घेऊन बसायचं नाही. आणि पावसात दुकानाची ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढायची नाही. भिजलो तरी चालेल, पण समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या हव्यात. आमच्या दुकानात हा नियम आहे, आणि जिच्याकडे त्या दिवशी शेगडी, तिनंच तो पाळून घ्यायचा. कोणाचं डोकं दुखायला लागलं तर “पावसानं झालं असेल” म्हणत बसू नका. लगेच तिला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या.

आता गाडी थांबते तेव्हा पहिली आठ कणसं माळ्यावर तयार असतात. ती हातात पडेपर्यंत पुढची भाजून होतात. कंबर सरळ राहते, मनगट शाबूत राहतं. वेल्डिंगवाले दादा आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “भाजणार कोण? त्यांना बोलवा, माप घ्यायचंय.”

मैत्रिणींनो, शेगडी असो, पिठाची चाळणी असो की पापडाचं यंत्र, पैसे देण्याआधी ते जी वापरणार तिला पुढे करा. तिची उंची, तिचा हात, तिची रोजची अडचण विचारा. येत्या बैठकीत एक काठी आणि दहा-बारा विटा घेऊन बसा आणि सुरुवात करा. आमची शेगडी बघायची असेल तर घाटरस्त्याला या, कणीस गरमच मिळेल. नमस्कार.